दवंडी कोणासाठी? साथरोग, सांकेतिक भाषा आणि आपली चळवळ



३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये देशातला पहिला कोरोना रुग्ण सापडला. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने या साथीला आंतरराष्ट्रीय आणीबाणी म्हटलं. दुसऱ्या दिवशी, ३१ जानेवारीला, आपण 'मूकनायक'ची शंभरी साजरी करत होतो. गावोगाव बॅनर लागले, व्याख्यानं झाली. मुक्या समाजाला बाबासाहेबांनी वाचा दिली, हे वाक्य त्या दिवशी मी स्वतः दोन ठिकाणी भाषणात वापरलं.

पुढच्या दोन वर्षांत मला त्या वाक्याची लाज वाटायला लागली. बाबासाहेबांचं काही चुकलं म्हणून नव्हे. 'मुका' हा शब्द आपण शंभर वर्षं उपमा म्हणून वापरला आणि आपल्याच वस्तीत खरोखर ऐकू न येणारी, हातांनी बोलणारी माणसं राहतात याकडे पाहिलंच नाही, म्हणून.

सेनगाव तालुक्यातली एक गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. मे २०२० मध्ये पुण्याहून परतलेलं एक कुटुंब गावच्या जिल्हा परिषद शाळेत विलगीकरणात ठेवलं होतं. त्यात तिशीतला एक बधिर भाऊ होता. तपासणीला आलेली माणसं पांढऱ्या किटमध्ये, तोंड झाकलेली. त्यांनी त्याचं डोकं धरलं आणि नाकात काडी घालायला लागले. तो घाबरून खिडकीतून पळाला. 'पॉझिटिव्ह माणूस पळाला' अशी बोंब गावभर झाली. गुन्हा दाखल करण्याची भाषा सुरू झाली. शेवटी त्याच्या आठ वर्षांच्या पुतणीने त्याला हातवारे करून समजावलं आणि तो परत आला. अहवाल निगेटिव्ह होता.

पुढच्या वर्षी, दुसऱ्या लाटेत, त्याच्या आईला रुग्णवाहिकेने जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. ती परत आली नाही. अंत्यसंस्कार तिकडेच झाले. घरच्यांनी त्याला सांगायचा प्रयत्न केला, पण 'मेली' ही खूण करायला समोर प्रेत नव्हतं, तिरडी नव्हती, राख नव्हती. आई गाडीत बसून गेली एवढंच त्याने पाहिलं होतं. कित्येक महिने तो संध्याकाळी फाट्यावर जाऊन उभा राहायचा.

त्या घराला रेशन मिळालं होतं. आमच्याच कार्यकर्त्यांनी किट पोचवलं होतं. धान्य, तेल, साबण, सगळं. त्याच्या भाषेत चार वाक्यं मात्र आम्ही कोणीच पोचवू शकलो नाही. हा लेख त्या चार वाक्यांबद्दल आहे.

आवाजाची सत्ता

गावात साथ आली की सरकार लोकांना कसं सांगायचं? दवंडीने. दवंडी कोण द्यायचं? महार, कुठे मांग. हलगी किंवा डफ वाजवायचा, चौकाचौकात ओरडून हुकूम सांगायचा. मयताचा निरोप परगावी न्यायचा तोही महारानेच. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि पश्चिम महाराष्ट्र इंग्रजांच्या, पण गावगाड्यातलं हे काम दोन्हीकडे सारखंच. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते याच वेठीच्या विरोधात. आपल्या बापजाद्यांचा गळा सरकारचा भोंगा होता, आणि त्या भोंग्याने जे सांगितलं जायचं ते ठरवण्यात त्यांचा काहीही वाटा नव्हता.

दवंडीची दुसरी बाजू आपण कधी तपासली नाही. दवंडी कानासाठी असते. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी दवंडी झालीच नाही. तरीही हुकूम मोडला तर शिक्षा त्यालाही.

२०२० मध्ये दवंडीची फक्त यंत्रं बदलली होती. घंटागाडीवरचा भोंगा, रिक्षावरचा स्पीकर, मशिदीतून आणि विहारातून केलेल्या सूचना. फोन लावला की आधी खोकल्याचा आवाज आणि मग सूचना. २२ मार्चला टाळ्या-थाळ्या. काठी घेऊन उभ्या असलेल्या पोलिसाची शिट्टी. सगळं कानाला. आणि जे ओठांकडे बघून थोडंफार समजून घ्यायचे, त्यांच्यासाठी मास्कने तेही दार बंद केलं. मास्क गरजेचा होता यात वाद नाही. पण ज्याच्याकडून ओठ काढून घेतले त्याला बदल्यात काय दिलं, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

मनूने भाकर दिली, वाटा दिला नाही

हे अज्ञानातून झालं असं म्हणून विषय मिटवता येणार नाही. याला इतिहास आहे, आणि तो आपल्या ओळखीचा आहे.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्कातून कोणाला वगळायचं याची यादी आहे. नपुंसक, पतित, जन्मांध, बधिर, वेडा, जड, मुका, आणि ज्याचं एखादं इंद्रिय काम करत नाही असा कोणीही. लगेच पुढच्या श्लोकात मनू म्हणतो की अशांना अन्नवस्त्र मात्र द्यावं, नाही दिलं तर पाप. म्हणजे बापाच्या घरात बहिऱ्या मुलाला भाकर मिळेल, पण वाटा मिळणार नाही. तो पोसला जाईल, पण त्याला विचारलं जाणार नाही.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे पुस्तक जाळलं, त्यात हेही पान होतं. आपण दरवर्षी मनुस्मृती दहन दिन करतो. शूद्र, अतिशूद्र आणि स्त्री यांच्याबद्दलचे श्लोक आपल्याला पाठ आहेत. बधिरांबद्दलचा श्लोक किती जणांना माहीत आहे?

महाडनंतर वर्षभरातच, १९२८ साली, इंग्रज सरकारने हिंदू वारसा अपात्रता निवारण कायदा केला आणि शारीरिक व्यंगामुळे वारसा नाकारण्याला आळा घातला. तोही अर्धवटच. जन्मापासून वेडा किंवा मतिमंद असलेल्याला त्यातून वगळलं होतं. पुढे ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, त्याचेच तुकडे करून १९५५-५६ मध्ये चार कायदे झाले. त्यातल्या हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम २८ मध्ये स्पष्ट आलं की रोग, दोष किंवा व्यंग या कारणाने कोणीही वारशाला अपात्र ठरणार नाही. मनूचं ते पान कायद्याने तिथे मिटलं.

जमिनीच्या बाबतीत मिटलं, माहितीच्या बाबतीत नाही. साथीच्या काळात माहिती ही जमिनीइतकीच मोलाची इस्टेट असते. कुठे जायचं, काय टाळायचं, कोणती लक्षणं धोक्याची, दवाखान्यात माझ्या शरीरावर काय चाललंय. या इस्टेटीत बधिर माणसाला आजही वाटा नाही, फक्त भाकर आहे. किट मिळालं, पण खबर मिळाली नाही. हा मनूचाच हिशेब आहे.

१८९७ चा कायदा आणि मिलानचा ठराव

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. चार कलमांचा लहानसा कायदा. सरकारने जाहीर सूचना काढून नियम करावेत, जो मोडेल त्याला शिक्षा व्हावी आणि अंमल करणाऱ्या अधिकाऱ्यांवर दावा चालू नये, असा त्याचा सारांश. जाहीर सूचना लोकांना समजेल अशा भाषेत द्यावी, असं बंधन त्यात कुठेही नाही. ज्याच्यापर्यंत सूचना पोचलीच नाही तो सुद्धा गुन्हेगार. महाराष्ट्र सरकारने १३ मार्च २०२० पासून लागू केला तो हाच कायदा. एकशेतेवीस वर्षांत त्यात भर पडली ती मुख्यतः शिक्षेची.

त्या प्लेगमध्ये पुण्यात रँडचे गोरे सोजीर घराघरात घुसून तपासण्या करत होते. त्याची इतिहासात पानंच्या पानं आहेत. त्याच पुण्यात हडपसरजवळ सावित्रीमाई आणि डॉ. यशवंत दवाखाना चालवत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी लेकरू सावित्रीमाईंनी स्वतः उचलून आणलं, त्यात त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हाही साथीचाच इतिहास. एका बाजूला हुकूम आणि झडती, दुसऱ्या बाजूला माणसापर्यंत स्वतः चालत जाणं. आपल्याला वारसा सांगायचाच असेल तर या दुसऱ्या बाजूचा आहे.

बधिरांच्या भाषेवर त्याच काळात जगभर वरवंटा फिरत होता. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जमलेले जवळपास सगळे ऐकणारे. त्यांनी ठराव केला की बधिर मुलांना तोंडी बोलायलाच शिकवावं, खुणांची भाषा वापरू नये. ज्यांच्या भाषेवर बंदी घालायची त्यांना विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही. १८८० च्या दशकात मुंबईत देशातली पहिली बधिरांची शाळा सुरू झाली. त्यानंतर ज्या शाळा निघाल्या त्यांच्यावर याच विचाराची छाया राहिली. हात बांधून ठेवायचे, ओठ हलवायला लावायचे. मुलांनी वर्गात खुणा केल्या तर मार, आणि वसतिगृहात रात्री तीच मुलं चोरून आपली भाषा एकमेकांना शिकवायची.

वेद ऐकला तर कानात शिसं ओतण्याची शिक्षा आपल्याला ठाऊक आहे. हातांनी बोललं म्हणून हातावर पट्टी मारणं ही त्याच घराण्यातली गोष्ट आहे. दोन्हीकडे भाषा कोणाची हे सत्ताच ठरवते. मिलानच्या ठरावाबद्दल त्या आंतरराष्ट्रीय परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० साली, कॅनडातल्या व्हँकुवरमध्ये. एकशेतीस वर्षांनी.

साथ सगळ्यांना सारखी नसते

१९१८ च्या इन्फ्लुएंझाने मुंबईत थैमान घातलं. त्या वर्षीच्या मुंबई शहराच्या नोंदी जातवार आहेत. युरोपियनांमध्ये मृत्यूचं प्रमाण हजारी ८.३, पारशांमध्ये ९ आणि 'खालच्या जातीच्या हिंदूं'मध्ये ६१.६. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. विषाणूला जात कळत नाही हे खरं, पण चाळीतली दाटी, पाण्याचा नळ आणि दवाखान्याचं दार यांना जात कळते.

हे आकडे आपल्याला मिळाले कारण कोणीतरी जातवार मोजलं होतं. बधिरांचं काय? ब्रिटिश जनगणनेत 'मूकबधिर' मोजले जायचे, तेही १९३१ पर्यंतच. जातीची पूर्ण गणना थांबली तेव्हाच त्यांची गणनाही थांबली. स्वातंत्र्यानंतर १९८१ साली अंध, पांगळे आणि मुके मोजले, बहिरे वेगळे मोजलेच नाहीत. १९९१ मध्ये कोणालाच मोजलं नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख लोक नोंदले गेले. जातनिहाय जनगणनेसाठी आपण रस्त्यावर उतरतो, कारण जे मोजलं जात नाही त्याच्यासाठी तरतूद होत नाही. हा न्याय बधिरांनाही लागू आहे.

यात आणखी एक धागा आहे. साथी आणि आजार स्वतःच माणसांना बहिरं करतात. गोवर, गालगुंड, मेंदूज्वर. गरोदर बाईला रुबेला झाला तर बाळ बहिरं जन्माला येऊ शकतं. क्षयरोगावरची काही जुनी इंजेक्शनं कानाची नस खाऊन टाकायची. लस न पोचलेली, कुपोषित, क्षयाने पोखरलेली वस्ती कोणाची असते हे सांगायची गरज नाही. म्हणजे जातीने आजार दिला, आजाराने कान नेला आणि पुढच्या साथीत सरकारने फक्त कानाशी बोलायचं ठरवलं. या तीन पायऱ्या वेगवेगळ्या पाहून चालणार नाही.

भाषा आहे, संस्था आहेत, तालुक्यात कोणी नाही

पुष्कळांना अजून वाटतं की खाणाखुणा म्हणजे भाषा नव्हे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जेम्स वुडवर्ड आणि मदन वशिष्ठ यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई, बंगळूर इथल्या बधिरांच्या खुणांचा अभ्यास केला. वशिष्ठ हे स्वतः हिमाचलमधल्या खेड्यातले, अकराव्या वर्षी आजारपणात बहिरे झालेले. त्या आणि नंतरच्या अभ्यासांतून दिसलं की ही स्वतःचं व्याकरण असलेली भाषा आहे. ती हिंदी किंवा मराठीचं हातांनी केलेलं भाषांतर नव्हे. म्हणूनच बधिरांची चळवळ 'मूकबधिर' हा शब्द नाकारते. त्यांना भाषा आहे, मग ते मुके कसे?

१९८३ साली मुंबईत वांद्र्याला राष्ट्रीय श्रवण अपंगत्व संस्था उभी राहिली. तिला अली यावर जंग यांचं नाव आहे. ते हैदराबादचे, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल. सेनगावचा शेतसारा एकेकाळी ज्या हैदराबादला जायचा, त्या राज्यातल्या माणसाचं नाव असलेली ही संस्था सेनगावपासून पाचशेहून अधिक किलोमीटरवर आहे. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र झालं. २०१८ मध्ये त्यांच्या शब्दकोशात तीन हजार शब्द होते, २०२१ मध्ये दहा हजार. कोरोनाच्या काळात या केंद्राने सांकेतिक भाषेत माहितीचे व्हिडिओही काढले. ही कामं मोठी आहेत. तरी संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत ही भाषा नाही, आणि प्रशिक्षित दुभाषी देशभरात इतके थोडे की तालुक्याच्या गावापर्यंत येणं दूरच.

आता कायदा पाहू. भारताने २००७ मध्ये अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. त्याचं अकरावं कलम आपत्तीतल्या संरक्षणाबद्दल आहे. त्यातून अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ आला. त्याच्या कलम २ मध्ये 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येत सांकेतिक भाषा आहे. कलम ८ आपत्तीत समान संरक्षण देतं. त्यातलं उपकलम ३ नीट वाचा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या अपंग व्यक्तींची नोंद ठेवली पाहिजे आणि धोक्याची माहिती त्यांना कळवण्याची सोय केली पाहिजे. टाळेबंदी लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २६ मार्च २०२० ला, केंद्राच्या दिव्यांगजन विभागाने मार्गदर्शक सूचना काढल्या. बधिरांसाठी सांकेतिक भाषेतली आणि मथळे असलेली दृश्य माहिती द्या, आणीबाणीत काम करणाऱ्या दुभाष्यांना आरोग्य कर्मचाऱ्यांसारखंच संरक्षण द्या, असं त्यात आहे.

म्हणजे कागद होता, तोही वेळेवर. पण तो कागद सेनगावच्या त्या शाळेत पोचला नाही. अस्पृश्यता पाळणं १९५० पासून गुन्हा आहे, तरी पाणवठा आणि स्मशान यांचे तंटे संपले नाहीत. कायदा आणि गाव यांमधलं अंतर आपल्याला कोणी शिकवायला नको.

दुभाषी म्हणजे प्रतिनिधी नव्हे

इथे काही कार्यकर्ते विचारतात, घरचे लोक असतातच की, ते सांगतात. वेगळा दुभाषी कशाला? याचं उत्तर बाबासाहेबांच्या राजकारणातच आहे.

जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीसमोर बाबासाहेबांनी साक्ष दिली. तिथपासून गोलमेज परिषदेपर्यंत त्यांचा एक मुद्दा अढळ होता. अस्पृश्यांच्या वतीने दुसऱ्याने बोलायचं नाही, अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यच हवेत. घरचा माणूस बधिर व्यक्तीच्या वतीने डॉक्टरशी बोलतो तेव्हा तो नकळत प्रतिनिधी होतो. काय सांगायचं, काय लपवायचं, कोणत्या उपचाराला हो म्हणायचं, हे तोच ठरवतो. 'तिला नका सांगू, घाबरेल.' बधिर बाईची प्रसूती, गर्भाशयाची शस्त्रक्रिया, एचआयव्हीची तपासणी. हे नवऱ्याच्या किंवा सासूच्या तोंडून व्हायचं का? आणि आठ वर्षांच्या पुतणीने काकाला मरणाची बातमी सांगायची का?

दुभाष्याचं काम याच्या उलट आहे. तो स्वतःचं काही बोलत नाही. इकडचं पूर्ण तिकडे, तिकडचं पूर्ण इकडे, आणि ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही. निर्णय बधिर माणसाचा. म्हणून दुभाषी देणं ही मेहेरबानी ठरत नाही. ती स्व-प्रतिनिधित्वाची पहिली अट आहे.

जगातल्या न्यायालयांनी हे मान्य केलं आहे. १९९७ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एल्ड्रिज खटल्यात ठरवलं की दवाखान्यात सांकेतिक दुभाषी न देणं हा समतेच्या हक्काचा भंग आहे. त्या खटल्यातल्या एका बधिर जोडप्याची जुळी मुलं दुभाष्याशिवाय, काय चाललंय ते न कळता जन्मली होती. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने व्हाइट हाऊसच्या कोरोनाविषयक पत्रकार परिषदांत दुभाषी दाखवण्याचा आदेश दिला. जुलै २०२१ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने सरकारच्या दोन माहिती-बैठकांत दुभाषी नव्हता हा भेदभाव ठरवला. हे तिन्ही खटले बधिरांनी आणि त्यांच्या संघटनांनी स्वतः लढवले. आपल्याकडे सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या बधिर वकील सर्वोच्च न्यायालयात दुभाष्यामार्फत हजर झाल्या. दार किलकिलं झालंय.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. खेड्यातल्या बहुतेक बधिरांना भारतीय सांकेतिक भाषाही येत नाही, कारण ते शाळेतच गेले नाहीत. त्यांच्या खुणा घरापुरत्या. मग टीव्हीच्या कोपऱ्यात दुभाषी दाखवून काय होणार? आणि 'लिहून दाखवा' म्हणावं तर अक्षरं कोणी शिकवली? हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यातून दुभाषी नको असं निघत नाही, आणखी एक दुवा हवा असं निघतं. शिकलेला बधिर माणूस घरगुती खुणा ऐकणाऱ्या दुभाष्यापेक्षा लवकर पकडतो. बधिर कार्यकर्ता आणि ऐकणारा दुभाषी अशी जोडी काम करू शकते. आणि मुळात मुलाला पाच-सहा वर्षांचं होण्याआधी भाषा मिळाली पाहिजे, म्हणजे पुढच्या साथीत तो 'पळालेला पॉझिटिव्ह' ठरणार नाही.

आता आपल्या घरात

सरकारला जाब विचारण्याआधी स्वतःला विचारू. चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय जमतो. त्यात हजारो बधिर असतील. आपल्या जयंतीच्या, परिषदेच्या, धम्मदीक्षेच्या किती मंचांवर दुभाषी उभा असतो? आपल्या मोर्चात घोषणा काय असते? 'मुक्या-बहिऱ्या सरकारचा धिक्कार असो.' सरकार बहिरं नाही, सरकार ऐकून दुर्लक्ष करतं. बहिऱ्या माणसाने कोणाचं काय वाईट केलं की त्याच्या नावाची शिवी व्हावी? 'महार-मांगासारखा' ही शिवी आपल्याला कशी लागते ते आठवा.

धम्माच्या बाबतीतही प्रामाणिक राहू. विनयपिटकात प्रव्रज्या कोणाला देऊ नये याच्या यादीत अंध, मूक आणि बधिर आहेत. हे लपवून चालणार नाही. पण त्याच विनयात दुसरा प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी तथागतांना विनंती केली की आपलं वचन छंदस् भाषेत, म्हणजे वेदांच्या वळणाच्या भाषेत बांधू द्या. तथागतांनी नकार दिला आणि आपापल्या भाषेत धम्म शिकण्याची मोकळीक दिली. यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं? बाबासाहेबांनी धम्म स्वीकारताना बुद्धीची कसोटी लावली. त्या कसोटीवर दुसरा प्रसंग टिकतो, पहिली यादी टिकत नाही. आपापल्या भाषेत म्हणजे हातांच्या भाषेतही.

सेनगावातून सुरुवात

मोठ्या मागण्या दिल्ली-मुंबईत होत राहतील. तालुक्यात आपण काय करू शकतो ते लिहितो.

पहिलं, माहिती अधिकारात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे अर्ज. कलम ८(३) प्रमाणे ठेवलेली नोंदवही दाखवा, त्यात बधिर व्यक्ती किती आणि त्यांना कळवण्याची सोय काय, एवढे तीनच प्रश्न. उत्तर आलं नाही तर अपील. हा अर्ज प्रत्येक तालुक्यातून जाऊ द्या.

दुसरं, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो डिसेंबरात घाईघाईने वस्तू वाटून संपवला जातो. ग्रामसभेत उठून बोला. त्यातला काही भाग सांकेतिक भाषेच्या प्रशिक्षणाला आणि दृश्य सूचनाफलकांना द्या असा ठराव लिहून घ्या.

तिसरं, आशाताई आणि अंगणवाडीताई यांना प्राथमिक पन्नास खुणा यायला हव्यात. ताप, खोकला, श्वास, दुखणं, गोळी, सुई, दवाखाना, घरी थांब, घाबरू नको, परत येणार. विलगीकरणाच्या त्या शाळेत शेवटच्या दोन खुणा कोणाला आल्या असत्या तरी तो माणूस खिडकीतून पळाला नसता.

चौथं, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात व्हिडिओ कॉलवरून दुभाषी मिळण्याची सोय आणि तिचा फलक दर्शनी भागात. फोन सगळ्यांकडे आहे. नंबर आणि पगारी दुभाषी नाही. ही मागणी डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या राज्याच्या स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाकडे लेखी गेली पाहिजे.

पाचवं, आपल्या वस्तीतल्या बारावी झालेल्या पोरा-पोरींनी सांकेतिक दुभाष्याच्या पदविकेकडे पाहावं. डी.एड.च्या रांगेत हजारो उभे आहेत, इथे माणसंच नाहीत. एकेकाळी आपल्या आजोबांना सक्तीने सरकारचा निरोप गावभर ओरडावा लागायचा. नातवाने शिकून, पगार घेऊन, सन्मानाने माणसाचा शब्द माणसापर्यंत पोचवावा.

आणि सहावं, हे सगळं करताना समितीत बधिर माणूस हवा. नाहीतर आपणही त्यांच्या वतीने बोलणारे नवे पुढारी होऊ, आणि ती गोष्ट बाबासाहेबांनी गांधीजींकडूनही ऐकून घेतली नव्हती.

फाट्यावर उभा राहणारा तो माणूस आता उभा राहत नाही. त्याला कळलं की त्याने वाट पाहणं सोडलं, हे मला माहीत नाही. मी विचारू शकलेलो नाही. मी खुणा शिकायला सुरुवात केली आहे, अजून 'आई' आणि 'माफ कर' यापुढे फार गेलेलो नाही. पुढच्या ३१ जानेवारीला 'मूकनायक'वर बोलायला बोलावलं तर मी आयोजकांना एकच अट घालणार आहे. मंचावर माझ्या शेजारी दुभाषी उभा करा, आणि पहिल्या रांगेत त्याला बसवा.

जय भीम! नमो बुद्धाय!